सांता रोझाचं स्नूपी म्युझियम, आणि आईचा 'विम्यावाला कुत्रा'

आई सहा महिन्यांसाठी आलीये आमच्याकडे कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला, आणि ज्यांच्याकडे आईवडील येऊन राहिलेत त्यांना माहितीये की चौथ्या-पाचव्या वीकेंडनंतर 'आता कुठे न्यायचं' हा प्रश्न पडतोच. गोल्डन गेट झाला, लिव्हरमोरचं देऊळ दोनदा झालं, आउटलेट मॉल झाला, समुद्र बघून 'गणपतीपुळ्याची सर नाही हं' हेही म्हणून झालं. मग लेकाच्या (वय ८) हट्टापायी सांता रोझाचं चार्ल्स शुल्झ म्युझियम काढलं, म्हंजे स्नूपीचं म्युझियम (स्नूपी हा कॉमिक स्ट्रिपमधला कुत्रा, शुल्झ ती स्ट्रिप काढणारा). मोबाइलवर फोटो दाखवला तर आई म्हणाली, "अगं हा तर विम्यावाला कुत्रा!"

मला आधी कळेचना. मग लक्षात आलं, मेटलाइफ. त्या कंपनीने १९८५ पासून २०१६ पर्यंत स्नूपीला जाहिरातींत वापरलं, ती मंडळी भारतात आली तेव्हा हा पण सोबत आला, आणि आमच्या वाईच्या घरी कोणीतरी दिलेल्या कसल्यातरी माहितीपत्रकावर हा पांढरा कुत्रा हसत उभा असायचा. आईच्या लेखी त्याची ओळख तेवढीच. "विमा कंपनीचं म्युझियम बघायला दोन तास जायचं?" हा तिचा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर माझाही उत्साह बेताचाच होता.

कारण मी काही स्नूपी फॅन वगैरे नव्हते. आमच्या लहानपणी सकाळचा पेपर आला की आधी चिंटू वाचायचा, बास. स्नूपी म्हंजे कंपासपेटीवरचं चित्र. त्याच्यामागे एक अख्खी गोष्ट आहे, माणसं आहेत, पन्नास वर्षांचं काम आहे हे खूप उशिरा कळलं. त्यातून दोन वर्षांपूर्वी पुण्यात असताना लेकासाठी ऑनलाइन एक स्नूपी मागवला होता (कुठून ते नाही सांगत), तो जो आला त्याचं नाक गुलाबी, कान एक लांब एक आखूड आणि गळ्यात घंटा. स्नूपी कमी आणि बैलपोळ्याचा बैल जास्त. परत घेतला नाही त्यांनी, म्हणे 'युज्ड कंडिशन'. असो.

तर म्युझियम. सॅन फ्रान्सिस्कोपासून साधारण ५५ मैल उत्तरेला, १०१ नंबरचा हायवे पकडायचा आणि सरळ जायचं, आमच्या घरून ट्रॅफिक धरून दोन तास. गाव छोटं आणि शांत, आणि गावाने या कुत्र्याला अगदी दत्तक घेतलंय, चौकाचौकात पुतळे, आणि तिथल्या विमानतळाला शुल्झचं नाव आहे, त्याच्या लोगोत स्नूपी गॉगल लावून आपल्या घराच्या छपरावर बसून उडतोय. आई म्हणाली आपल्याकडे विमानतळाला नाव द्यायचं म्हटलं की दहा वर्षं मोर्चे निघतात. यावर मी काही बोलले नाही.

म्युझियम २००२ मध्ये उघडलं, म्हंजे शुल्झ गेल्यानंतर दोन वर्षांनी. दोन मजली आहे, फार मोठं नाही, दोन-अडीच तासांत आरामात होतं. ज्यांच्या डोक्यात डिस्नेलँड आहे त्यांनी आधीच समजून घ्या, इथे राइड नाहीत, धिंगाणा नाही, भिंतीवर फ्रेम आहेत आणि त्या वाचायच्या आहेत. लहान पोरांना वर खेळायला-रंगवायला जागा आहे, त्यामुळे माझं कार्टं तिथे रमलं आणि मला वाचायला मिळालं. बाहेर अंगणात एक झाड आहे त्यात चार्ली ब्राऊनचा, म्हंजे स्ट्रिपमधल्या स्नूपीच्या छोट्या मालकाचा, पतंग अडकवून ठेवलाय (तो पतंग खाणारं झाड, ज्यांनी वाचलंय त्यांना कळेल), आणि जमिनीवर स्नूपीच्या डोक्याच्या आकाराची चालायची वाट आहे, गोल गोल फिरत जायचं. आई देवळातली प्रदक्षिणा घालावी तशी शांतपणे ती पूर्ण करून आली.

आत शिरल्यावर मोठ्या हॉलमध्ये समोरच एक भिंत आहे, स्ट्रिपमधली लूसी नावाची पोरगी बॉल धरून बसलीये आणि चार्ली ब्राऊन लाथ मारायला पळत येतोय. लांबून साधं काळंपांढरं चित्र. जवळ गेलं की कळतं ते चित्र टाइल्सचं आहे आणि एकेका टाइलवर एकेक खरी स्ट्रिप छापलीये, ३,५८८ टाइल्स! योशितेरु ओतानी नावाच्या जपानी कलाकाराने केलंय हे. आई नाकाला चष्मा लावून खालच्या टाइल्स वाचायला बसली, म्हंजे अक्षरशः जमिनीवर मांडी घालून बसली, आणि मला म्हणाली, "वाच बघू हे काय म्हणतोय."

आणि तिथून माझी दिवसभराची नोकरी सुरू झाली. स्ट्रिप इंग्रजीत, आईला इंग्रजी वाचता येतं पण विनोद कळेपर्यंत विनोद शिळा होतो, मग मी उभ्या उभ्या मराठीत सांगायचं. जपानीत हेच काम शुंतारो तानिकावा या त्यांच्या मोठ्या कवीने वर्षानुवर्षं केलं. वाईकरांच्या वाट्याला मी.

थोडी माहिती देते कारण मला पण तिथेच नीट कळली. स्ट्रिपचं नाव पीनट्स. २ ऑक्टोबर १९५० ला सात पेपरांत सुरू झाली, स्नूपी त्यात दोन दिवसांनी आला, ४ ऑक्टोबरला. शुल्झला 'पीनट्स' हे नाव कधीच आवडलं नाही, स्ट्रिप पेपरांना पुरवणाऱ्या कंपनीने लादलं होतं. पुढे २६०० पेपरांत ७५ देशांत जायला लागली तरी त्याचा राग गेला नाही, आपल्याकडे बारशात आत्याने ठेवलेलं नाव आयुष्यभर न आवडणारी माणसं असतात तसंच. शेवटची रविवारची स्ट्रिप १३ फेब्रुवारी २००० ला छापून आली आणि शुल्झ त्याच्या आदल्या रात्री गेला. मी हे आईला सांगितलं तर ती दोन मिनिटं काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "पेपर यायच्या आत गेला."

एकूण १७,८९७ स्ट्रिप्स, सगळ्या स्वतः काढलेल्या, हाताखाली कोणी नाही, अक्षरंसुद्धा स्वतःची. सुट्टी म्हणावी तर १९९७ मध्ये पंचाहत्तरीला पाच आठवडे घेतली तेवढीच.

आता कुत्रा. शुल्झच्या लहानपणी त्यांच्याकडे स्पाइक नावाचा काळापांढरा कुत्रा होता, मिनेसोटात. तो टाचण्या, खिळे, दाढीची ब्लेडं असलं काय काय खायचा. १९३७ मध्ये शुल्झने त्याचं चित्र काढून रिप्लेच्या त्या 'विश्वास ठेवा अथवा ठेवू नका' सदराला पाठवलं आणि ते छापून आलं. पोराचं पहिलं छापलेलं चित्र कुत्र्याचं! आणि गंमत म्हंजे शुल्झचं स्वतःचं घरातलं लाडाचं नाव 'स्पार्की', ते पण एका जुन्या कॉमिक स्ट्रिपमधल्या घोड्यावरून कोण्या मामा-काकाने ठेवलेलं. म्हंजे हा माणूस जन्मतःच कॉमिकमधलं जनावर होता, हाहा.

आणि नावाची गोष्ट तर आईला सांगताना माझाच आवाज जरा बसला. स्नूपीचं नाव आधी 'स्निफी' ठरलं होतं. मग शुल्झला दिसलं की दुसऱ्या कुठल्यातरी कॉमिकमध्ये त्या नावाचा कुत्रा आधीच आहे. आता काय करायचं. तर त्याला आठवलं की आई एकदा म्हणाली होती, पुन्हा कुत्रा पाळला तर त्याचं नाव स्नूपी ठेवायचं. ती आई १९४३ मध्येच कॅन्सरने गेलेली, पोरगा नुकताच सैन्यात भरती झालेला. तो दुसरा कुत्रा काही तिला बघायला मिळाला नाही. सगळ्या जगाच्या टीशर्टवर, मोज्यांवर, टिफिनवर जे नाव आहे ते एका आईने सहज जेवताखाता सुचवलेलं नाव आहे. आमची आई हे ऐकून म्हणाली, "आणि तुला मी सुचवलेलं एक नाव नाही आवडलं पोराचं." संधी सोडत नाही ती.

लाकडाचं एक भलंमोठं शिल्प आहे, हे पण ओतानींचंच, ७००० पौंडांचं, त्यात खरा कुत्रा स्पाइक हळूहळू बदलत बदलत स्नूपी कसा होतो ते दाखवलंय. आणि एक अख्खी भिंत आहे, खरीखुरी घराची भिंत, जी शुल्झने १९५१ मध्ये कोलोरॅडोतल्या आपल्या घरी मुलीच्या खोलीत रंगवली होती. नंतरच्या लोकांनी त्यावर रंगाचे हात मारले, मग पुढच्या कोणीतरी ते थर खरवडून खालचं चित्र बाहेर काढलं आणि भिंत म्युझियमला दिली. त्या भिंतीवरचा स्नूपी बघण्यासारखा आहे कारण तो साधा कुत्रा आहे हो. चार पायांवर, लहान, गोंडस. असं पिल्लू कुठल्याही बिस्किटाच्या पुड्यावर शोभेल. हा जर असाच राहिला असता तर मी आज हे लिहीत बसले नसते.

म्हंजे कसं झालं, आधी १९५२ मध्ये तो विचार करायला लागला, डोक्यावर ढग येऊन त्यात वाक्यं. मग पंचावन्न-छप्पनच्या आसपास दोन पायांवर उभा राहायला लागला. मग घराच्या आत झोपायचं सोडून छपरावर झोपायला लागला. त्या टोकदार छपरावर! पाठ कशी दुखत नाही देव जाणे. पण तोंडाने मात्र एक शब्द पण बोलत नाही, पन्नास वर्षांत नाही. हे मला फार भारी वाटतं. जगातले सगळे कार्टून प्राणी बडबड करतात आणि हा नुसता मनात बोलतो, आणि त्याचं मनातलं फक्त आपल्याला ऐकू येतं, बाकी पोरांना वाटतं कुत्रा आहे.

मूळ चित्रं छापलेल्यापेक्षा बरीच मोठी असतात हे मला माहीत नव्हतं. फ्रेमजवळ जाऊन तिरकं बघितलं की शाईखाली पेन्सिलच्या फिकट रेघा दिसतात. पाऊस काढायचा तर शेकडो तिरक्या रेघा, सगळ्या हाताने, एक पण एकमेकींवर चढलेली नाही. ज्या निबने तो काढायचा ती कंपनी बंद पडायला आली तेव्हा साहेबांनी उरलेला सगळा साठा विकत घेऊन ठेवला. आईला हे लगेच पटलं, तिची आवडती शिकेकाई बंद होणार कळल्यावर तिने पण तसंच केलं होतं.

आणि मग शेवटच्या वर्षांच्या स्ट्रिप्सपाशी आलो. १९८१ ला बायपास झाली त्यानंतर त्याचा हात थरथरायला लागला. १९९० नंतरच्या रेघा बघा, स्नूपीच्या पाठीची रेघ बघा, हलते ती. सरळ नाहीये. जुन्या आणि नव्या शेजारी शेजारी असल्या की लगेच कळतं. मला वाटलं होतं बघून वाईट वाटेल, पण उलट झालं, त्या थरथरत्या रेघेने स्नूपी जास्त मऊ दिसतो, लोकरीचा असल्यासारखा. आई म्हणाली अण्णांची सही शेवटी शेवटी अशीच झाली होती, बँकवाले परत पाठवायचे. आम्ही दोघी त्या एका फ्रेमसमोर बराच वेळ उभ्या होतो, मागे एक जपानी ग्रुप थांबलेला कळलंच नाही, मग सॉरी सॉरी करत बाजूला झालो.

आता मुद्द्यावर येते. हा कुत्रा पंचाहत्तर वर्षं का टिकला?

गाडीतून येताना आईचं म्हणणं होतं कुत्रा म्हटलं की लोकांना आवडतोच, इमानी प्राणी. आणि आपल्याकडे खरंच सगळे कुत्रे इमानीच. धर्मराजाबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत गेला तो, दत्ताच्या पायाशी चार बसलेत ते, रायगडावरचा वाघ्या, आणि नामदेवांची पोळी पळवली तो सुद्धा शेवटी विठ्ठलच निघाला, त्याच्यामागे तुपाची वाटी घेऊन नामदेव पळाले. म्हंजे आपल्या गोष्टीत कुत्र्याने चोरी केली तरी तो देव निघतो.

आणि हा स्नूपी? याला मालकाचं नाव माहीत नाही! चार्ली ब्राऊन रोज संध्याकाळी न चुकता त्याला जेवण आणून देतो आणि हा मनात म्हणतो 'आला तो गोल डोक्याचा पोरगा'. हे मी आईला वाचून दाखवलं तर ती इतकी हसली की तिथल्या बाई बघायला लागल्या. "मेल्याला नाव पण माहीत नाही?" नाही माहीत. जेवण उशिरा आलं की दारावर लाथ मारतो, तोंडात ताट धरून उभा राहतो, आणि जेवण आलं की नाचतो, पण नाव विचारशील तर नाही. इमान वगैरे भानगड नाही. माझ्या पोराने विचारलं, "मग तो चार्ली ब्राऊनला सोडून का नाही जात?" तर आजी म्हणाली, "जेवण कोण देणार?" झालं, विषय संपला.

मग आईला मोत्या आठवला. वाईला तिच्या माहेरी गल्लीत एक कुत्रा होता, यांच्याकडे त्याचं नाव मोत्या, पलीकडच्या जोशांकडे तो राजा आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे टायगर. तिन्ही घरी जेवायचा, तिन्ही नावांना शेपूट हलवायचा, आणि रात्री चोर आला तेव्हा चौथ्याच घराच्या ओट्यावर झोपलेला सापडला. तरी गल्लीत सगळ्यात लाडका तोच. "इमानी होता तो एक खंड्या, सारखा दाराशी बसलेला, त्याला कोणी विचारायचं नाही," आई म्हणाली. आता यावर मी काय बोलणार, अख्खं म्युझियम बघून मला जे सांगायचं होतं ते तिने मोत्यावर उरकलं.

पण माझ्या मते त्याहून एक मोठं कारण आहे आणि ते मला आईमुळेच दिसलं.

स्नूपी छपरावर टाइपरायटर ठेवून कादंबरी लिहितो. १९६५ च्या जुलैमध्ये सुरू झालं हे. पहिलं वाक्य, 'ती एक काळोखी, वादळी रात्र होती.' आई म्हणाली, "मग पुढं?" मी म्हटलं पुढे फार काही नाही, तो वर्षानुवर्षं त्याच वाक्याने सुरू करतो. लिहून प्रकाशकाला पाठवतो आणि प्रकाशक परत पाठवतो. दरवेळी. आणि ती पत्रं दिवसेंदिवस जास्त जास्त लागट होत जातात.

"म्हंजे साभार परत," आई म्हणाली.

आणि मला एकदम आठवलं. आईने लग्नाआधी तीन कथा लिहिल्या होत्या, दिवाळी अंकांना पाठवल्या होत्या, सोबत परतीचं तिकीट लावलेलं पाकीट जोडायचं असायचं तेव्हा, आणि तिन्ही 'साभार परत' शिक्का मारून आल्या होत्या. आजोबांच्या हातात पडली होती तिसरी. त्यानंतर तिने लिहिलं नाही. हे आम्हाला ती अगदी चेष्टेत सांगायची, 'माझ्याच हाताने पत्ता लिहिलेल्या पाकिटातून माझीच कथा मला आली' असं, पण मी कधी नीट ऐकलंच नव्हतं.

तर तिला मी एक स्ट्रिप वाचून दाखवली ज्यात स्नूपी प्रकाशकाला उलट पत्र लिहितो, साधारण असं की, महोदय, तुमचं साभार परत मिळालं, काहीतरी गैरसमज झालेला दिसतो, मला खरं तर तुम्ही माझी कथा छापून पन्नास हजार डॉलर पाठवायला हवे होते, तुमच्या लक्षात आलं नाही का? आईने चष्मा काढला. पुसला. परत लावला. "परत वाच." परत वाचलं. मग हसायला लागली, आणि हसत हसत म्हणाली, "असं लिहायला पाहिजे होतं गं त्यांना."

बघा म्हंजे, हा कुत्रा आयुष्यात काहीच जिंकत नाही. पहिल्या महायुद्धातला वैमानिक बनून छपरावर बसतो, त्याचं ते सोपविथ कॅमल विमान, समोर जर्मनांचा रेड बॅरन, तो बॅरन खरा माणूस होता, मानफ्रेड फॉन रिश्टहोफेन. आणि स्नूपी हरतोच, घराला गोळ्यांची भोकं पडतात, धूर निघतो, हा मूठ आवळून शिव्या देतो. ऑक्टोबर १९६५ पासून हरतोय. कादंबरी साभार परत. १९६६ मध्ये तर त्याचं घरच जळालं, आतला व्हॅन गॉग जळाला, बिलियर्ड टेबल जळालं (घर बाहेरून एवढंसं, आत काय काय आहे हे कधी दाखवत नाहीत, नुसतं ऐकायचं). चार्ली ब्राऊन पण असाच सगळीकडे हरतो, पण तो हरला की रात्री अंथरुणात जागा राहतो. स्नूपी हरला की उठून दुसरं काहीतरी बनतो. वकील बनतो, सर्जन बनतो, गॉगल लावून कॉलेजच्या भिंतीला टेकून उभा राहतो. आपण सगळे आतून चार्ली ब्राऊन आहोत, पण टीशर्ट मात्र स्नूपीचा घेतो, यातच आलं सगळं.

(तो आगीचा भाग वाचताना तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलं की २०१७ च्या वणव्यात शुल्झचं राहतं घर खरंच जळून गेलं, बायको बाहेर पडली होती म्हणून वाचली. म्युझियमला काही झालं नाही. मूळ चित्रं इथे होती म्हणून राहिली.)

सगळंच गोड गोड आहे असं नाही. माझं स्पष्ट मत, १९७० नंतर स्नूपीने ती स्ट्रिप जरा जास्तच खाल्ली. आधी पोरांची गोष्ट होती आणि त्यात कुत्रा, नंतर कुत्र्याची गोष्ट आणि पोरं पाहुणी. वुडस्टॉक ठीक आहे, ते पिवळं पाखरू मला आवडतं, त्याची भाषा म्हंजे नुसत्या उभ्या रेघा आणि ती फक्त स्नूपीला कळते. पण मग भाऊबहिणींची रांग लागली, वाळवंटात राहणारा स्पाइक, बेल, मार्बल्स, ओलाफ, अँडी. तो स्पाइक नीडल्सजवळच्या वाळवंटात निवडुंगाशी गप्पा मारतो त्या स्ट्रिप मी तीन वाचल्या आणि पुढे सरकले. मालिकेत टीआरपी पडला की हरवलेला जुळा भाऊ आणतात ना, तसं वाटतं. शिवाय एवढी खेळणी, कॉफीमग, चादरी, विमे. ज्याला पहिल्या वर्षातला स्नूपी आवडतो तो हे बघून कपाळाला हात लावणार. पण मग वाटतं की त्या चादरीमुळेच माझ्यासारखी बाई चाळिशीत पहिल्यांदा स्ट्रिप वाचायला आली, तर बोलायला मला तोंड कुठाय.

पोराला काय आवडलं? चंद्र. १९६९ च्या मेमध्ये अपोलो १० गेलं, त्यातल्या चंद्राजवळ जाणाऱ्या यानाचं नाव स्नूपी आणि मुख्य यानाचं चार्ली ब्राऊन. स्नूपी चंद्राच्या साधारण पंधरा किलोमीटरवर जाऊन, वास घेऊन परत वर आला, उतरला नाही, उतरायचं काम पुढच्या अपोलो ११ चं. त्या स्नूपीचा वरचा भाग नंतर सोडून दिला तो अजून सूर्याभोवती फिरतोय. नासामध्ये चांगलं काम करणाऱ्यांना अंतराळवीर स्वतः चांदीची स्नूपीची पिन देतात, आणि ती पिन आधी अंतराळात फिरून आलेली असते. २०२२ च्या आर्टेमिस १ मध्ये माणसं नव्हती पण केशरी सूट घातलेला स्नूपी होता, वजनरहित झालो की नाही ते कळायला, तो तरंगायला लागला की झालं. इथे पण त्याला काम काय तर तरंगणं! यावर माझं पोरगं परतीच्या वाटेवर एक तास बोलत होतं. बाय द वे त्याच्या वर्गातल्या पोरांना स्ट्रिप वगैरे काही माहीत नाही, त्यांना फक्त तो पफर जॅकेट घातलेला स्नूपी माहितीये ज्याच्यासाठी २०२३ च्या नाताळात मोठ्या पोरी दुकानं पालथ्या घालत होत्या.

समोरच्या बाजूला आइस रिंक आहे, ती शुल्झनेच १९६९ मध्ये बांधली, आणि तिच्यात वॉर्म पपी नावाचा कॅफे. शुल्झ रोज सकाळी तिथे येऊन बसायचा, इंग्लिश मफिन आणि द्राक्षाची जेली खायचा आणि मग कामाला जायचा. त्याचं टेबल अजून राखीव ठेवलंय, कोणी बसत नाही. आमच्या आईची त्या दिवशी नेमकी संकष्टी, त्यामुळे तिने पर्समधून राजगिऱ्याचा लाडू काढला आणि त्या राखीव टेबलाच्या शेजारच्या टेबलावर बसून खाल्ला. मी आणि पोराने हॉट चॉकलेट घेतलं. काचेपलीकडे बर्फावर पोरं घसरून पडतायत, उठतायत, आणि आई प्रत्येक पडणाऱ्या पोराला 'अगं बाई' म्हणतीये. मला विचाराल तर म्युझियमइतकाच हा अर्धा तास छान होता, तो वगळू नका. आतल्या त्याच्या स्टुडिओची जी खोली मांडलीये, टेबल, खुर्ची, पुस्तकं, ती बघून मग इथे येऊन बसा, या क्रमाने.

काही कामाच्या गोष्टी. वारानुसार आणि सीझननुसार वेळा बदलतात, निघण्याआधी बघून घ्या. म्हाताऱ्या माणसांना त्रास नाही, लिफ्ट आहे, बसायला बाक आहेत. लेखी मजकूर भरपूर, तेव्हा सोबतच्या कोणाला इंग्रजी जड जात असेल तर घसा तयार ठेवा, मला संध्याकाळी गरम पाणी प्यावं लागलं. पाच वर्षांखालच्या पोरांसाठी एवढ्या लांब जाऊ नका, बागेत न्या. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या वाळवंटातल्या भावाचा कापला.

शेवटी दुकान. आईने प्रत्येक वस्तूला मनात ऐंशी-पंच्याऐंशीने गुणलं आणि ठेवून दिली. कॉफीमग, उशी, छत्री, सगळं उचललं आणि ठेवलं. शेवटी एक फ्रीजचा मॅग्नेट घेतला, छपरावर बसून टाइप करणारा स्नूपी, आणि तो तिने पिशवीत न टाकता हातात धरून आणला गाडीपर्यंत.

तो मॅग्नेट तिने दुसऱ्याच दिवशी आमच्या फ्रीजवर लावला, तिच्या गोळ्यांच्या यादीवर. परवा शेजारच्या कुलकर्णी काकू आल्या होत्या, त्या पण सहा महिन्यांवाल्याच, त्यांनी बघितलं आणि विचारलं, "अरे वा, मेटलाइफ का? कितीची काढली पॉलिसी?"

आई चहा गाळत होती. म्हणाली, "विमा नाही हो, लेखक आहे तो."